इन्व्हर्टेड पॅपिलोमा

नाक व सायनस यांच्या श्लेष्मल अस्तरातून उद्भवणारी सौम्य गाठ. नाकातील सौम्य गाठींपैकी कर्करोगात रूपांतर होण्याची खरी धास्ती प्रामुख्याने हिची. साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांत हे रूपांतर आढळते. होणारा कर्करोग बहुधा स्क्वॅमस पेशींचा असतो. नाकाच्या पडद्यावर बाहेरच्या बाजूने वाढणारा पॅपिलोमा मात्र क्वचितच बिघडतो.

ही गाठ बहुधा नाकाच्या बाहेरील भिंतीवर किंवा गालाच्या हाडातील पोकळीत उगवते. हिच्या अस्तराच्या पेशी वर न वाढता खालच्या ऊतकात घुसतात. ही आत वळणारी वाढ स्वीडनच्या निल्स रिंगर्ट्झ यांनी १९३८ मध्ये दाखवून दिली. पेशी कितीही खोल गेल्या, तरी त्यांच्याखालचे तळपटल अखंड असेपर्यंत गाठ सौम्यच. ते भेदून पेशी पलीकडे गेल्या की कर्करोग. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना २०१५ मध्ये बहुतेक गाठींत ईजीएफआर जनुकातील उत्परिवर्तने सापडली. या गाठींतून निघालेल्या बऱ्याच कर्करोगांतही ती होती. एचपीव्ही विषाणूचा वाटा किती, यावर एकमत नाही.

रोग पुरुषांत अधिक, बहुधा चाळिशीनंतर. एकच नाकपुडी चोंदते, कधी रक्त येते. ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणून दुर्लक्ष होते ते इथेच. साधे पॉलिप बहुधा दोन्ही बाजूंना असतात; एकाच बाजूचे मांस तपासल्याशिवाय सोडू नये. सीटी स्कॅनमध्ये गाठीच्या मुळाशी हाड जाड झालेले दिसते, तर एमआरआयमध्ये गाठ मेंदूच्या वळ्यांसारखी. या वळ्या एखाद्या ठिकाणी पुसल्या गेल्या असतील, तर तिथे कर्करोगाची शंका घ्यावी.

बायोप्सीचा तुकडा सौम्य निघाला म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण कर्करोग गाठीच्या एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो. म्हणून काढलेले सर्व ऊतक तपासणीला पाठवतात. अनेक रुग्णांत कर्करोग पहिल्याच शस्त्रक्रियेत सापडतो. काहींत तो काही वर्षांनंतर उद्भवतो.

शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीने, नाकातूनच होते. नुसती गाठ ओढून काढली तर ती परतण्याची शक्यता मोठी असते. मूळ जिथे चिकटले ते अस्तर काढून खालचे हाड ड्रिलने घासावे लागते. कर्करोग आढळल्यास अधिक विस्तृत शस्त्रक्रिया व बहुधा किरणोपचार करतात. गाठ उशिराही परतत असल्याने दुर्बिणीची तपासणी अनेक वर्षे चालू ठेवतात.