‘व्हीनस’ कोणाचं? एका डच गीतकाराची कारकीर्द आणि संशोधनातली उसनवारी

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: “यात तुमचं नवीन काय?” तयारी करणारे बहुतेक जण या प्रश्नाला टरकून असतात. आपल्या डोक्यात ‘नवीन’ म्हणजे शून्यातून काढलेलं, अशी समजूत घट्ट बसलेली असते. मग सिनॉप्सिसमध्ये आधीच्या लोकांची कामं जमेल तितकी कमी दाखवायची आणि आपलं जमेल तितकं मोठं करून दाखवायचं, असा खेळ सुरू होतो.

आज या प्रश्नाकडे जरा आडवाटेने जाऊ. आपला आजचा माणूस प्रयोगशाळेतला नाही. तो आहे नेदरलँड्समधला पॉप गीतकार आणि रेकॉर्ड निर्माता, रॉबी फान लेवेन. त्याचं एक गाणं तीन वेगवेगळ्या रूपांत अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्या गाण्याची वंशावळ काढली, की उसनं घेणं, श्रेय देणं आणि चोरी करणं यांतल्या सीमारेषा बऱ्याच स्पष्ट दिसायला लागतात.

आधी पार्श्वभूमी. फान लेवेनचा जन्म १९४४ चा, हेग शहरातला. साठच्या दशकात हेग हे डच बीट संगीताचं मोठं केंद्र होतं. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथून नेदरलँड्सला आलेल्या मिश्रवंशीय कुटुंबांतल्या तरुणांनी आधीच गिटारचं वेड तिथे रुजवलं होतं; टिलमन ब्रदर्स हे त्यातलं सर्वात गाजलेलं नाव. गाणी ऐकवायला रेडिओ व्हेरोनिका होता. हे केंद्र किनाऱ्यापासून दूर, समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून, सरकारी परवान्याशिवाय चालायचं. या केंद्रावर योस्ट डेन ड्रायर या नावाने निवेदन करणाऱ्या विलेम फान कोटेनने १९६५ मध्ये डच टॉप ४० ही यादी सुरू केली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फान लेवेन सुरुवातीला ‘द मोशन्स’ या बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि त्यांची गाणी लिहायचा. १९६७ मध्ये त्याने तो बँड सोडून ‘शॉकिंग ब्लू’ काढला. पुढच्याच वर्षी गायक बदलला आणि मारिस्का व्हेरेस आली. वडील हंगेरियन रोमा व्हायोलिनवादक, आवाज जड आणि ठाम. १९६९ मध्ये या बँडचं ‘व्हीनस’ आलं. खुद्द नेदरलँड्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं नाही. पण अमेरिकेत जेरी रॉस या निर्मात्याने ते आपल्या कोलॉसस लेबलवर काढलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत अव्वल ठरलं. डच कलाकारांना हा मान पहिल्यांदाच मिळत होता. रॉसने त्याच सुमारास ‘टी सेट’ आणि ‘जॉर्ज बेकर सिलेक्शन’ हे आणखी दोन डच बँडही अमेरिकेत गाजवले.

गाण्यावर गीतकार म्हणून नाव एकच: रॉबी फान लेवेन.

आता आपण संशोधक करतात ते करू, म्हणजे एक पायरी मागे जाऊ. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ‘द बिग थ्री’ या लोकसंगीत त्रिकुटाने ‘द बॅन्जो साँग’ रेकॉर्ड केलं होतं. पुढे ‘ममाज अँड पापाज’मुळे प्रसिद्ध झालेली कॅस इलियट याच त्रिकुटात होती. त्यांच्यातल्या टिम रोझने स्टीफन फॉस्टरच्या ‘ओ! सुझाना’ या १८४८ च्या गाण्याचे शब्द घेतले आणि त्यांना पूर्णपणे नवी चाल लावली. ही चाल ऐका आणि लगेच ‘व्हीनस’ ऐका. संगीतातलं काहीही कळत नसलं तरी साम्य कानाला खटकतं. गिटारच्या सुरुवातीच्या झणकाऱ्यावर ‘द हू’च्या ‘पिनबॉल विझार्ड’ची छाप आहे, असंही अनेकजण म्हणतात, आणि ते गाणं त्याच वर्षीचं, १९६९ चं.

म्हणजे हिशेब असा: फॉस्टरचे शब्द, त्यावर रोझची चाल, मग रोझच्या चालीसारखी चाल, त्यावर फान लेवेनचे शब्द. रोझ आणि फान लेवेन, दोघांनीही आधीचं अर्धं घेऊन उरलेलं अर्धं बदललं. फरक इतकाच, की फॉस्टरचे शब्द कधीच सर्वांसाठी खुले झाले होते आणि ‘ओ! सुझाना’ कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोझचं नाव मात्र ‘व्हीनस’वर नाही.

मग फान लेवेनचं स्वतःचं काही नव्हतंच का? होतं, आणि बरंच होतं. द बॅन्जो साँग ऐकून जगभर कुणी नाचलं नाही. ठेका, विजेवर चालणाऱ्या वाद्यांची मांडणी, नवे शब्द आणि मारिस्काच्या आवाजाला बरोबर बसेल असं गाणं बांधणं, हे त्याचं योगदान. पण योगदान मोठं असलं म्हणून उसनं घेतलेलं लपवायची गरज नसते. उलट दोन्ही शेजारी ठेवली, की योगदान नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. मुलाखतीतल्या “नवीन काय?” या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथेच असतं.

एक गंमतही सांगतो. शब्द लिहिताना फान लेवेनने ‘देवी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकवलं. इंग्रजी ही ना त्याची मातृभाषा ना मारिस्काची. तिने कागदावर होतं तसंच गायलं, तसंच रेकॉर्ड झालं आणि तसंच अमेरिकेत पहिलं आलं. दुसऱ्याच्या पेपरमधला संदर्भ न तपासता उचलला, की त्यातली पानक्रमांकाची चूकसुद्धा आपल्या प्रबंधात अशीच थाटात जाऊन बसते.

गोष्टीचं दुसरं वळण १९७९ चं. फान कोटेन आता रेडिओवरून पुढे सरकून संगीताच्या हक्कांचा व्यवसाय करत होता आणि ‘व्हीनस’चे प्रकाशन हक्क त्याच्याकडे होते. रेकॉर्डच्या एका दुकानात त्याच्या कानावर एक डिस्को मेडली पडली. बऱ्याच गाजलेल्या गाण्यांचे तुकडे एकाच ठेक्यावर जोडलेले, आणि त्यात ‘व्हीनस’ही. परवानगी तर त्याने कुणालाच दिली नव्हती! म्हणजे तबकडी चोरटी होती. ती कॅनडातून आल्याचं पुढे कळलं.

फान कोटेनने ठरवलं, की हीच कल्पना रीतसर करायची. काम दिलं याप एगरमोंट या निर्मात्याला. हा हेगच्याच ‘गोल्डन इअरिंग’ बँडचा जुना ड्रमर. चोरट्या तबकडीत मूळ रेकॉर्डिंगचे तुकडे कापून चिकटवले होते. एगरमोंटने एकही मूळ तुकडा वापरला नाही. स्टुडिओत वादक बसवले, बीटल्सशी आवाज जुळणारे डच गायक शोधले आणि सगळं नव्याने गाऊन-वाजवून घेतलं. त्यामुळे गाण्याच्या रचनेचे हक्क घेतले, की काम भागलं. मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावायचा प्रश्नच आला नाही.

हा फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. दुसऱ्याच्या पेपरमधला आलेख कापून आपल्या पेपरमध्ये चिकटवणं वेगळं. त्याची पद्धत वाचून, नाव देऊन, तोच प्रयोग आपल्या बाकावर पुन्हा करून स्वतःचा आलेख काढणं वेगळं. निकाल सारखा दिसला तरी दुसऱ्यात आकडे तुमचे असतात आणि त्यांची जबाबदारीही तुमची.

ही मेडली ‘स्टार्स ऑन ४५’ नावाने आली आणि जून १९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तिथे तिचं अधिकृत शीर्षक ४१ शब्दांचं होतं, कारण हक्कांच्या अटींमुळे मेडलीतल्या प्रत्येक गाण्याचं नाव तबकडीवर छापावं लागलं. यादीच्या इतिहासात अव्वल गाण्याचं इतकं लांब नाव तोवर झालं नव्हतं. दिसायला विचित्र, पण विचार केला तर ते शीर्षक म्हणजे तबकडीच्या लेबलवर छापलेली संदर्भसूचीच. आणि त्या सूचीत पहिलं नाव ‘व्हीनस’चं!

तिसरी फेरी १९८६ ची. ‘बनानारामा’ या ब्रिटिश गायिकांनी ‘व्हीनस’ नव्या डिस्को बाजात गायलं आणि सप्टेंबरमध्ये ते पुन्हा अमेरिकेत पहिलं आलं. स्पेलिंगची चूक या वेळी दुरुस्त झाली होती.

‘व्हीनस’ सोडूनही फान लेवेनचं काम दूरवर पोहोचलं. १९६९ च्या ‘अ‍ॅट होम’ या अल्बममध्ये त्याने सतार वापरली. त्यातलं ‘आका रागा’ मुळात कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयर या संगीतकाराचं. याच अल्बममधलं ‘लव्ह बझ’ हे फान लेवेनचं गाणं १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका नवख्या बँडने आपली पहिली सिंगल म्हणून काढलं. प्रती जेमतेम हजारभर, प्रत्येकीवर हाताने क्रमांक घातलेला. बँडचं नाव ‘निर्व्हाना’. तोवर शॉकिंग ब्लू फुटून चौदाएक वर्षं झाली होती. आपल्या कामातला कोणता भाग पुढे कुणाच्या उपयोगी पडेल, हे करणाऱ्याला बहुतेकदा कळत नाही. म्हणून तर प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण कंटाळा न करता नीट लिहायचं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसमधली एकच पद्धत किंवा एकच समीकरण निवडा आणि तीन पायऱ्या मागे जा. तुम्ही ज्याचा संदर्भ दिलाय त्याने ते कुठून घेतलं? त्याच्या आधी कुणी? मूळ पेपर स्वतः उघडून वाचा, दुसऱ्याच्या परिच्छेदावर विसंबू नका. मग वहीत दोन रकाने करा: डावीकडे उसनं, उजवीकडे आपलं. डावा रकाना लांबलचक झाला तर घाबरू नका, तो ४१ शब्दांचा झाला तरी चालेल. उजव्या रकान्यात एक ओळ आली आणि ती खरी असली, तर मुलाखतीला जाताना तीच पाठ करून जा.