पलटणीच्या शेजारची छात्रसेना

कोलार नदी सावनेरजवळून वाहत जाते आणि कामठीच्या अलीकडे, बिना संगमावर, कन्हान आणि पेंचला मिळते. सावनेरचे पाणी असे कामठीच्या छावणीपाशी पोचते. या दोन गावांमधला आणखी एक संबंध मात्र नकाशात दिसत नाही. सावनेर तालुक्यातला एखादा शिक्षक राष्ट्रीय छात्रसेनेचा अधिकारी व्हायचा असेल, तर त्याला प्रशिक्षणासाठी कामठीची वाट धरावी लागते. केरळातल्या किंवा आसामातल्या शिक्षकालाही तिथेच यावे लागते. ही छात्रसेना, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनसीसी’, आली कुठून? ती कोणासाठी होती? आणि फौजेशी तिचे नाते नेमके काय?

सुरुवात कामठीपासूनच करू. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरकर भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या मुठीत गेली आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. छावणी दाराशी आली, म्हणून फौजेचे दार सर्वांना उघडले असे झाले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढवय्या जमाती’ची कल्पना पक्की केली. काही जाती जन्मतःच शूर आणि बाकीच्या नाहीत, असा तो हिशेब होता. १८१८ मध्ये कोरेगावला लढलेल्या महार शिपायांच्या वंशजांनाच या हिशेबात जागा उरली नाही. त्यांची भरती थांबली. पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला.

योगायोग असा, की याच १९१७ साली विद्यार्थ्यांसाठीही लष्करी शिक्षणाची सोय झाली. ‘इंडियन डिफेन्स फोर्स’च्या कायद्याखाली विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांच्या तुकड्या निघाल्या. १९२० च्या टेरिटोरियल फोर्स कायद्यानंतर त्यांना ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ हे नाव मिळाले. पण ही सोय कोणाची? जो कॉलेजात पोचला त्याची. सावनेर म्हटले की मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात. २३ जानेवारी १९१९ रोजी, महायुद्ध थांबून दोन-सव्वादोन महिने होत असताना, त्यांनी इथेच देह ठेवला. त्या काळात नागपूरला विद्यापीठही नव्हते, ते आले १९२३ मध्ये. तोवर हिस्लॉप आणि मॉरिस ही नागपूरची कॉलेजे अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. सावनेरच्या कास्तकाराच्या मुलाला त्या कवायतीच्या मैदानाआधी केवढी मोठी चढण चढावी लागली असती, याची यावरून कल्पना यावी. फौजेच्या एका दारावर जातीची पाटी होती आणि दुसऱ्या दारावर शिक्षणाची.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने १९४७ मध्ये अहवाल दिला आणि १६ एप्रिल १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. छात्रसेनेचे पहिले संचालक होते कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. जन्म आपल्या जुन्या मध्य प्रांतातल्या सिवनीचा. तेच पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. १९४९ मध्ये मुलींचा विभाग सुरू झाला. आजच्या मुलींना यात नवल वाटणार नाही, पण भारतीय लष्कराने वैद्यकीय सेवेव्यतिरिक्त स्त्रियांना अधिकारी म्हणून घेतले ते १९९२ पासून. म्हणजे शाळेचे मैदान फौजेच्या त्रेचाळीस वर्षे पुढे होते.

या कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, की केवळ कॅडेट आहे म्हणून कोणावरही युद्धावर जाण्याची सक्ती नाही. दुसरी गोष्ट कायद्याच्या घडणीतच आहे. इंग्लंडमध्ये छात्रतुकड्या एखाद्या रेजिमेंटशी जोडलेल्या असतात आणि मुले त्या रेजिमेंटचा बिल्ला टोपीवर लावतात. आपल्याकडे तसे केले गेले नाही. आपल्या बहुतेक जुन्या रेजिमेंटी जातीच्या वा प्रांताच्या नावाच्या होत्या. त्यांचे बिल्ले शाळेत आले असते, तर वर्गातल्या मुलांची पुन्हा तशीच वाटणी झाली असती. छात्रसेनेचा बिल्ला तिचा स्वतःचा आहे. निशाणावरचे लाल, गडद निळा आणि आकाशी हे रंग तिन्ही सेनादलांचे आहेत.

फौजेतही त्याच सुमारास असा विचार चालू होता. १९४९ मध्ये जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स’ उभी राहिली. जात, धर्म, प्रांत न पाहता सर्वांना एकत्र घेणारी ही पहिली पायदळ रेजिमेंट. तिचे केंद्र आज आपल्या कामठीत आहे. जातीचा हिशेब मोडणाऱ्या रेजिमेंटचे केंद्र आणि जातीचा हिशेब न मांडणाऱ्या छात्रसेनेची प्रशिक्षण संस्था एकाच गावात असावी, हा कामठीचा मान आहे.

आता छात्रसेनेच्या इतिहासातल्या एका वळणाकडे पाहू. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. हेतू चांगला होता. पण एवढ्या मुलांना पुरतील इतके तयार शिक्षक, गणवेश आणि रायफली एकदम कुठून येणार? ‘हजेरी लागली की सुटलो’ अशी वृत्ती शिरली. १९६८ च्या जानेवारीत मद्रास विधानसभेने हिंदी आज्ञांविरुद्ध ठराव केला. ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ हे आपल्याला किती सहज वाटतात! तिथे तोच वादाचा विषय झाला. त्याच वर्षी सक्ती उठली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचा दुसरा मार्ग खुला झाला. शिस्त शिकवता येते, पण हुकूम काढून अंगी बाणवता येत नाही, हा त्या पाच वर्षांचा धडा.

मग ती अंगी बाणते कशी? इथे आपण पुन्हा शिक्षकापाशी येतो. फौजेकडून कवायतीचे हवालदार येतात, शिबिरे होतात, काही कॅडेटांना थोडे दिवस प्रत्यक्ष पलटणीत राहायलाही मिळते. पण वर्षभर मुलांबरोबर असतात ते ‘एनसीसीचे सर’. गणित किंवा भूगोल शिकवणारा हा माणूस कामठीला जातो, पहाटे उठून कवायत करतो, रायफल उघडून साफ करायला शिकतो आणि खांद्यावर हुद्दा घेऊन शाळेत परततो. शाळेतल्या शिक्षकाला ‘थर्ड ऑफिसर’पासून सुरुवात, कॉलेजातल्या प्राध्यापकाला ‘लेफ्टनंट’. ही संस्था सुरू झाली पुरंदरला आणि पुढे कामठीत आली. शिक्षिकांसाठी १९६४ पासून ग्वाल्हेरला अशीच संस्था आहे. बुटाला पॉलिश नसेल तर रागावणारे आणि दहा दिवसांच्या शिबिरात ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसणारे सर एकच असतात. फौज आणि शाळा यांना जोडणारा धागा कुठे असेल, तर तो इथे आहे.

आज कॅडेटांची संख्या पंधरा लाखांच्या पुढे आहे. ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला लष्कराच्या विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षेवाचून थेट मुलाखतीच्या फेरीसाठी अर्ज करता येतो. शिकवणीचे पैसे परवडत नाहीत अशा घरांसाठी ही लहान गोष्ट नव्हे. तरीही प्रत्येक शाळेत तुकडी नाही, आणि जिथे आहे तिथेही जागा मोजक्याच. ज्यांचा खर्च सरकारने नव्हे, तर संस्थेने उचलायचा अशा स्वयंअर्थसाहाय्यित तुकड्याही आता निघतात. ज्या संस्थेपाशी पैसा आहे तिला तुकडी मिळेल. पण खाणकामगारांच्या वस्तीतल्या किंवा संत्र्याच्या बागांमधल्या गावच्या साध्या शाळेचे काय?

जातीची पाटी पुसायला आपल्याला १९४८ पर्यंत थांबावे लागले. त्या जागी खर्चाची पाटी लागू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे. परेडनंतरचा नाश्ता एका रांगेत बसून खाणारी मुले एकमेकांचे आडनाव विचारत नाहीत. देशाने छात्रसेनेकडून जे मागितले होते, त्यातले बरेचसे त्या रांगेत येऊन जाते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)