शाळेचा संघ आणि अकरा जागा

विषय ऐकून काहींना वाटलं असेल की आज मुंबईच्या शालेय क्रिकेटमधले विक्रम ऐकायला मिळणार. विक्रम येतील, पण ओझरते. मला बोलायचंय ते संघात शिरण्याबद्दल. शाळेच्या संघात वर्णी लागणं मुंबईत किती अवघड होतं आणि ही अडचण काळानुसार कशी जागा बदलत गेली, एवढाच मुद्दा आहे.

आधी स्वतःचं सांगून टाकतो, म्हणजे मी तटस्थ आहे असा गैरसमज नको. आठवीत असताना आमच्या शाळेच्या संघाची निवड झाली. पी. टी.च्या सरांनी प्रत्येकाला सहा चेंडू दिले. माझे तीन चुकले, एक पॅडवर लागला, दोन बॅटला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली. मी ती दोनदा वाचली, मग उलट, खालून वर वाचली. (हशा) हसताय, पण इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ती यादी अशीच वाचली असणार.

आता इतिहासाकडे. लॉर्ड हॅरिस 1890 ते 1895 मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाची हॅरिस शील्ड ही आंतरशालेय स्पर्धा. तिच्यासोबत लहान मुलांची जाइल्स शील्ड. दोन्ही शंभर वर्षांहून जुन्या. मैदानाची टंचाई मात्र या ढालींच्याही आधीची. गोऱ्यांचे पोलोचे घोडे खेळपट्ट्या उकरून टाकतात, अशी देशी क्लबांची तक्रार होती आणि ते भांडण बरीच वर्षं चाललं. म्हणजे जागा कमी आणि खेळणारे जास्त, हे गणित पहिल्यापासूनचं. आझाद मैदानावर आजही एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला खेटून उभा असतो.

पण बराच काळ शाळेचा संघ म्हणजे खरोखर शाळेचाच संघ होता. सुनील गावसकरांचं उदाहरण घ्या. घर ताडदेवला चिखलवाडीत, शाळा धोबीतलावाजवळची सेंट झेवियर्स. 1966 साली ते भारतातले सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरले. दिलीप वेंगसरकर दादरच्या हिंदू कॉलनीतले, शाळा तिथलीच किंग जॉर्ज. संदीप पाटील शिवाजी पार्कचे, शाळा बालमोहन. घराजवळच्या शाळेत नाव घालायचं आणि तिथे संघ असेल तर प्रयत्न करायचा. स्पर्धा आपल्याच शाळेतल्या चारदोनशे मुलांशी. सोपं होतं असं नाही, पण ज्याच्याशी झगडायचं तो रोज शेजारच्या बाकावर दिसायचा.

हे चित्र बदललं ते रमाकांत आचरेकरांच्या काळात. आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरीला. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले. शिवाजी पार्कवर त्यांचं कामत मेमोरियल क्लबचं नेट. आणि शारदाश्रम विद्यामंदिर या दादरच्या शाळेचा संघ त्यांच्या हाताखाली. नेटमध्ये एखादा मुलगा डोळ्यांत भरला की सर पालकांना सांगत, याची शाळा बदला. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, तिथे क्रिकेटची सोय नव्हती. तो शारदाश्रमात आला. वांद्र्याहून बसने दादर गाठायचं, शाळा, सराव, परत. हे झेपेना म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. विनोद कांबळी कांजूरमार्गहून लोकलमध्ये किट घेऊन यायचा. ज्याने गर्दीच्या वेळी क्रिकेटचं किट घेऊन लोकल पकडली आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इथे अडचणीने जागा बदलली. आधी शाळेतल्या मुलांतून संघ निवडला जायचा. आता संघासाठी मुलं निवडून शाळेत आणली जाऊ लागली. निवड पी. टी.च्या सरांच्या सहा चेंडूंत होत नव्हती, ती शिवाजी पार्कच्या नेटमध्ये आधीच झालेली असायची. आणि तिथे उभं राहायला नुसती बॅट पुरत नव्हती. दादरला काकू लागायची, नाहीतर पहाटे उठवणारी आई. साहजिकच त्याच शाळेत बालवाडीपासून शिकणारा, बऱ्यापैकी खेळणारा मुलगा बाहेर राहिला. त्याचं नाव कुठल्या स्कोअरबुकात नाही, त्यामुळे इतिहासातही नाही.

आचरेकर सरांना मी दोष देत नाही. त्यांची शिस्त सगळ्यांना सारखी होती. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सत्र संपेपर्यंत बाद झाला नाही तर नाणं फलंदाजाचं, बाद केलं तर गोलंदाजाचं. सचिनने जाहीरपणे सांगितलेला एक किस्सा आहे. सरांनी त्याच्यासाठी सामना ठरवला होता आणि हा गेला वानखेडेवर, आपल्याच शाळेच्या मोठ्या मुलांना टाळ्या द्यायला. सरांनी थोबाडीत दिली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, तुझ्यासाठी लोकांनी वाजवाव्यात असं खेळ, हा त्यांच्या बोलण्याचा आशय. दुसरा किस्सा पहिल्या सामन्याचा. तीस धावा केल्याशिवाय वर्तमानपत्रात नाव छापून येत नसे. सचिनच्या झाल्या होत्या चोवीस. स्कोअररने अवांतरच्या सहा त्याच्या नावावर टाकल्या, नाव छापून आलं, आणि सर भयंकर चिडले. संघात येणं ही पहिली पायरी, मोजलं जाणं ही दुसरी, हे त्या वयातच कळायचं.

आता तो सामना. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, हो, गावसकरांचीच शाळा. 84 धावांत दोघे बाद. मग सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349, भागीदारी 664, डाव 2 बाद 748 वर घोषित. डाव सोडा म्हणून सांगणाऱ्या सहायक प्रशिक्षकांकडे ही दोघं बघतच नव्हती. मग कांबळीने गोलंदाजीतही सहा बळी घेतले.

हे सगळ्यांना पाठ आहे. मी तुम्हाला तंबूत घेऊन जातो. 748 धावा झाल्या तेव्हा त्या संघातल्या सात मुलांनी बॅट हातात घेतली नव्हती. मुंबईतल्या सगळ्यात कठीण शालेय संघात जागा मिळवून, उपांत्य सामन्यात. त्यातला पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार. तो जवळजवळ दोन दिवस पॅड बांधून बसला आणि त्याची पाळी आली नाही. पुढे 1993-94 च्या मोसमात रणजी पदार्पणात त्याने 260 काढल्या, तो पदार्पणाचा तेव्हाचा जागतिक विक्रम. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. भारतासाठी एकही सामना नाही. 2025 मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होता तोच, पण बाउंड्रीबाहेर. समोरच्या झेवियर्सच्या संघात साईराज बहुतुले होता, पुढे तो दोन कसोटी खेळला. त्या दिवशी मात्र चेंडू आणून देण्याचंच काम जास्त. संघात निवड होण्याचं असंही फळ असतं. (हशा)

त्यानंतर शाळा बदलल्या, पद्धत तीच राहिली. वांद्र्याची रिझवी स्प्रिंगफील्ड पुढे आली. सरफराज खान 2009 मध्ये 439, अरमान जाफर 2010 मध्ये 498, पृथ्वी शॉ 2013 मध्ये 546. शॉ विरारहून वांद्र्याला यायचा. हे आकडे ऐकून आपण फलंदाजाचं कौतुक करतो, आणि करावंच. पण शालेय सामन्यात एकटा मुलगा पाचशेच्या वर जातो याचा अर्थ समोरचा संघही त्या तोडीचा नाही. चांगली मुलं तीनचार शाळांत गोळा झाली की उरलेल्या शाळांच्या संघात शिरणं सोपं होतं, आणि शिरल्यावर दिवसभर उन्हात क्षेत्ररक्षण करावं लागतं. आमच्या शाळेने पुढे काही वर्षांनी संघ उतरवणंच बंद केलं. यादी लागायचा तो फळा मी मध्यंतरी जाऊन पाहिला. त्यावर फीची शेवटची तारीख लिहिली होती.

वेळ होत आली. प्रश्न असतील तर घेऊ. मागे त्या ताईंचा हात वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.