थेंबाचा पापुद्रा

तेल आणि पाणी यांचे वैर जगजाहीर आहे. तरीही दुधात स्निग्धांश आणि पाणी एकत्र नांदतात. स्निग्धांशाचे असंख्य बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात, आणि अशा मिश्रणाला आपल्या परिभाषाकारांनी 'पायस' असे मोठे गोड नाव दिले आहे. पण हे थेंब एकमेकांना मिळून त्यांचा एकच गोळा का होत नाही?

१८४० साली बर्लिनच्या आशेर्सन नावाच्या वैद्याने तेलाचा थेंब अंड्याच्या पांढऱ्या बलकाला टेकवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. टेकताक्षणीच थेंबाभोवती झिरझिरीत पापुद्रा धरला. त्याला सुरकुत्याही पडल्या. तो तेलात नव्हता, बलकातही नव्हता. दोघांच्या भेटीतून तो उपजला होता, म्हणून आशेर्सनने त्याला 'स्पर्शज' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. दुधातील थेंबांनाही असेच आवरण असते, असे त्याने सांगितले. एवढ्यावर तो थांबता तर! आदल्याच वर्षी श्वानने प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असतात, हा सिद्धांत मांडला होता. आशेर्सनला वाटले, या पापुद्र्यात पेशीचा जन्मच आपल्याला सापडला. पेशी अशा जन्मत नाहीत. सिद्धांत खोटा ठरला. सुरकुत्या मात्र खऱ्या होत्या.

पुढे इंग्लंडात वॉल्टर रॅम्सडेनने बलकाचे द्रावण नुसते हलवून पाहिले. उष्णता नाही, आम्ल नाही, तरी त्यात घट्ट तंतू तयार झाले. हे १८९४ चे. प्रथिने पृष्ठभागाकडे धाव घेतात, तिथे गोळा होतात आणि त्यांची घट्ट साय बनते, हे त्याने दाखवले. १९०३ च्या निबंधात घन कणही असाच थर धरतात, असे त्याने लिहिले. चार वर्षांनी पिकरिंगने तशाच कणांनी पायस टिकवून दाखवले. रॅम्सडेनचे ऋण त्याने मान्य केले होते, तरी पाठ्यपुस्तकांत आज 'पिकरिंग पायस' हेच नाव आहे. शास्त्रातही वारसाहक्काचे असेच चालते!

प्रथिनाच्या लांबलचक साखळीतले काही भाग पाण्याला धार्जिणे, काही तेलाला. दोहोंच्या सीमेवर पोचल्यावर ती थोडीफार उलगडते आणि दोन्ही घरांत पाय रोवून बसते. या चिकटून बसण्याला अधिशोषण म्हणतात. एक चौरस मीटर पृष्ठभागाला अवघी काही मिलिग्रॅम प्रथिने पुरतात.

दुधात मात्र थेंब जन्मतःच आपले वेगळे आवरण घेऊन येतो. रवीने ते फोडले की लोणी निघते. फ्रान्सच्या ओग्यूस्त गोलँने नेमके उलटे केले. त्याने १८९९ साली एकस्व घेतलेले यंत्र दूध प्रचंड दाबाने अरुंद फटीतून पिटाळते आणि थेंबांचे तुकडे करते. हिशेब शाळकरी आहे. लिटरभर दुधात ४० ग्रॅम स्निग्धांश आणि थेंबाचा व्यास ४ मायक्रॉन धरला, तर सगळ्या थेंबांचा मिळून पृष्ठभाग सुमारे ६५ चौरस मीटर होतो. व्यास अर्धा मायक्रॉन केला की ५२० च्या घरात. जुने आवरण एवढ्याला कुठून पुरणार? उघड्या पडलेल्या जागेवर दुधातले केसीन धावते आणि नवा पापुद्रा धरते. थेंब बारीक झालेले आणि केसीनने जड झालेले, म्हणून ते वर येत नाहीत. पिशवीतल्या अशा दुधावर जाड साय धरली नाही की गृहिणी गवळ्याच्या पाण्याला दोष देतात; वस्तुतः सायीतला स्निग्धांश खालीच, पातेलेभर विखरून बसलेला असतो.