जुन्या कागदांतील ‘वसतीस वाईट’ शहरें : जुनें गोवें व मुंबई

एखादें शहर राहण्यास वाईट आहे, असा अभिप्राय जुन्या कागदांत व प्रवासवृत्तांत वारंवार आढळतो. हवा नडते, पाणी बाधतें, परचक्राचें भय आहे, जकातीचा जाच आहे, अशीं कारणें त्यास जोडलेलीं असतात. इतिहास लिहिणारे हा अभिप्राय जसाच्या तसा उचलतात आणि त्यावर शहराच्या उतरत्या काळाचें वर्णन रचतात. परंतु अभिप्राय देणारा कोण, त्यानें तो कोणत्या वर्षीं व कोणत्या हेतूनें दिला, आणि तेथें राहणाऱ्या लोकांनीं आपल्या कृतीनें त्यास दुजोरा दिला काय, हे प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत हे प्रश्न आम्ही पश्चिम किनाऱ्यावरील दोन शहरांस लावून पाहणार आहों. एक जुनें गोवें व दुसरें मुंबई. दोन्हीं बेटांवर वसलेलीं, दोन्हीं दलदलीच्या शेजारचीं व दोन्हीं सतराव्या शतकांत तापासाठीं कुप्रसिद्ध. पैकीं एक ओस पडलें, दुसरें भरत गेलें.

अशा प्रकरणीं साक्षीदार तीन प्रकारचे असतात. पहिला प्रवासी, तो महिना-दोन महिने राहतो, आजारी पडतो आणि विशेषणें लिहून जातो. दुसरा राज्यकर्ता, तो हुकूम काढतो. तिसरा रहिवासी, तो बहुधा कांहींच लिहीत नाहीं. तो घर बांधतो अथवा घर सोडतो, आणि त्याची साक्ष घरपट्टीच्या यादींत, विहिरीच्या भांडणांत व कौलनाम्यांत विखुरलेली असते. आमच्या मतें या तिहींत तिसऱ्याचें वजन सर्वांत अधिक धरलें पाहिजे.

राज्यकर्त्याच्या साक्षीचें मोल किती, हें पुण्याच्या उदाहरणावरून आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें जाळून तेथें गाढवाचा नांगर फिरविला, असें परंपरा सांगते. गाढवाचा नांगर फिरविणें म्हणजे ही भूमि वसतीस अयोग्य ठरली, असा राजशासनाचा जाहीरनामाच. तथापि पुढें शिवाजीमहाराजांच्या बाळपणीं त्याच भूमींत सोन्याचा नांगर फिरल्याची कथा तितक्याच श्रद्धेनें सांगितली जाते. कथेचा सोन्याचा भाग बाजूस ठेवला, तरी वसाहत पुन्हां झाली ही गोष्ट खरी. आणि ती ज्या साधनानें होत असे, त्याचें नांव कौल. अमुक वर्षें सारा माफ, पुढें चढत्या बेतानें वसूल, उपद्रव लागणार नाहीं, असें अभय त्यांत असे. कौल हातीं आला म्हणजे संग्राहकानें एवढें जाणावें कीं, त्या घटकेस त्या जागीं कोणी आपण होऊन राहावयास तयार नव्हतें. गांवाच्या भरभराटीचे म्हणून जपले जाणारे कित्येक कागद अशा रीतीनें त्याच्या पडत्या दशेचेच कबुलीजबाब असतात.

आतां गोव्याकडे वळूं. इ. स. १५१० मध्यें आल्बुकर्कनें हें आदिलशाही बंदर घेतलें व १५३० पासून तें पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याचें मुख्य ठिकाण झालें. शहर ऐन भरांत होतें तेव्हांच तेथील रोगांचा बोभाटा होता. १५४३ मधील पटकीच्या भयंकर सांथीचें वर्णन गास्पार कोर्रैया यानें करून ठेविलें आहे. १५६३ मध्यें गोव्यांतच छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत गार्सिया द ओर्ता या वैद्यानें याच रोगाचा विचार केला असून, त्यास त्यानें येथील लोकांच्या तोंडचा शब्द वापरला आहे. तो शब्द आपला ‘मोडशी’. पोर्तुगीजांच्या लेखणींत त्याचा ‘मोर्देशी’ झाला, आणि पुढें फ्रेंचांनीं त्यास ‘कुत्र्याचें मरण’ असा अर्थ निघेल अशा वळणानें लिहिलें. एका कोंकणी-मराठी शब्दाचा हा प्रवास शहराची दुष्कीर्ति किती दूर गेली होती तें दाखवितो.

परंतु त्याच शहराविषयीं दुसरी साक्षही आहे. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच मनुष्य १६०८ ते १६१० या काळांत गोव्यांत होता. तो आला तो कैदी व रोगी या नात्यानें; आणि ज्या राजकीय रुग्णालयांत तो पडला होता, त्याची त्यानें तोंड भरून स्तुति केली. रोगराई व उत्तम रुग्णालय या दोन गोष्टी एकाच शहरांत एकाच वेळीं होत्या. लोकांस दोन्ही ठाऊक होत्या, आणि तरीही लोक येत होते. शहरांतील विहिरींचें पाणी खात्रीचें नसल्यामुळें बाणगिणीच्या झऱ्याचें पाणी घागरींनीं आणून विकलें जाई. पैसे असणारा तें विकत घेई. नसणारा विहिरीचें पीत असे. ‘या गांवचें पाणी वाईट’ या एका वाक्याचा अर्थ दोन घरांत दोन प्रकारचा होता, हें येथेंच ध्यानांत ठेवावें.

मग शहर ओस पडलें केव्हां ? तापाच्या आरंभीं नव्हे, तर व्यापार हातचा गेल्यावर. १६२२ मध्यें होर्मूझ गेलें, १६४१ मध्यें मलाक्का, १६५६ मध्यें कोलंबो व १६६३ मध्यें कोची. ज्या जहाजांच्या आशेनें लोक ताप सोसून राहत होते तीं जहाजें येईनाशीं झालीं, तेव्हां ताप असह्य झाला. १६८३ मध्यें संभाजीमहाराजांची स्वारी शहराच्या अगदीं जवळ येऊन ठेपली, आणि लागलीच पुढील वर्षीं राजधानी मुरगांवास नेण्याचा बेत ठरला. तो तडीस गेला नाहीं. १६९५ मध्यें व्हाइसरॉयनें आपला मुक्काम शहरालगतच्या पणेली येथें हलविला व १७५९ मध्यें पणजीस. १७७४ मध्यें पोंबालनें लिस्बनहून जुनें शहर पुन्हां उभारण्याचा हुकूम पाठविला; परंतु हुकुमानें शहर उभें राहिलें नाहीं. १८३५ मध्यें धर्मसंघ बंद होऊन मठ रिकामे झाले व १८४३ मध्यें पणजी ही रीतसर राजधानी ठरली. अर्थात् सरकारी कागदानें शहराच्या मरणाची नोंद केली, ती तें मेल्यानंतर कित्येक वर्षांनीं.

याच सतराव्या शतकांत मुंबईची कीर्ति काय होती तें पाहूं. १६६१ च्या विवाहतहानें हें बेट इंग्रज राजास मिळालें, १६६५ मध्यें प्रत्यक्ष ताब्यांत आलें, आणि १६६८ मध्यें राजानें तें वर्षास दहा पौंड खंडावर कंपनीस देऊन टाकलें. ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ मध्यें इंग्लंडांतून निघून येथें आला. नवा आलेला युरोपीय येथें दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाहीं, अशा अर्थाची तेथील म्हण त्यानें नोंदून ठेविली. ही म्हण पुढें प्रत्येक ग्रंथकारानें उतरून घेतली. परंतु तो आला त्याच्याच आगेंमागें, १६८९-९० मध्यें, जंजिऱ्याच्या सिद्दीनें बेट वेढून जेरीस आणलें होतें, ही गोष्ट म्हणीबरोबर क्वचितच सांगितली जाते. शिवाय म्हण आहे ती परक्या मुलुखांतून आलेल्या गोऱ्या शिपायांची व कारकुनांची. कोळी, भंडारी, आगरी यांच्या कित्येक पिढ्या त्या दलदलीच्या कांठीं नांदल्या होत्या; त्यांचें मत ओव्हिंग्टननें विचारलें नव्हतें.

त्याच्या थोडें आधीं, १६७० नंतरच्या दशकांत, फ्रायर या डॉक्टरनें बेटाची हवा वाईट ठरवूनही वस्ती साठ हजार असल्याचें लिहिलें. आंकडा अजमासाचा असेल. पण निंदा करणाऱ्याच्या लेखणींतूनच गर्दीची साक्ष निघाली, हें महत्त्वाचें. वाईट हवेंत एवढे लोक कां आले ? याचें उत्तर जेराल्ड आंजियर याच्या कारकीर्दींतील एका कागदांत सांपडतें. १६७७ मध्यें दीवचा व्यापारी नीमा पारख यानें मुंबईस येऊन राहण्याबद्दल कंपनीपाशीं अटी घातल्या. घरास व वखारीस फुकट जागा मिळावी, आपल्या धर्माप्रमाणें वागण्यास मोकळीक असावी, आपल्या आवारांत कोणीं जीवहत्या करूं नये, चौकीपहाऱ्याची सक्ति नसावी, अशा त्या अटी होत्या. भाषा इंग्रजी असली तरी हा आपल्याकडील कौलच होय. लक्षांत घ्यावें कीं, नीमा पारख हवेविषयीं एक अक्षर बोलत नाहीं. त्यास हवें होतें तें अभय. आणि तो येत होता पोर्तुगीजांच्या दीवहून.

गोव्याच्या राज्यांत याच गोष्टीचा अभाव होता. १५६० मध्यें तेथें धर्मन्यायसभा बसली. मधला थोडा काळ सोडला तर ती १८१२ पर्यंत चालली. त्याच १५६० च्या सुमारास साष्टींतील कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास व केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. देवांचें हें स्थलांतर आम्ही वसतीच्या कागदाइतकेंच बळकट मानतों; कारण देव गेला म्हणजे मागोमाग महाजनांचीं कुळें गेलीं. शहर तेव्हां ऐश्वर्याच्या शिखरावर होतें. तें राहण्यास वाईट आहे असें प्रवाशांनीं म्हणण्यापूर्वीं कित्येक वर्षें त्या प्रदेशांतील एका मोठ्या वर्गानें तसा निकाल पायांनीं दिला होता.

येथें एक आक्षेप येईल. लोक आले एवढ्यावरून मुंबई चांगली ठरते काय ? आमचें म्हणणें तसें नाहीं. ताप खरा होता, मृत्यू खरे होते. महालक्ष्मीजवळचें खिंडार बुजवून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत भरतीचें पाणी अडविलें गेलें, १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी नळानें आलें, तेव्हां कोठें थोडा फरक पडला. तरीही १८९६ मध्यें मांडवींत गांठीचा ताप उद्भवला. तो ओळखणारे डॉ. आकासियु व्हियेगश हे मूळचे गोव्याचेच. त्या सांथींत लाखों लोक शहर सोडून पळाले. १८९१ च्या खानेसुमारींत ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्यें ७,७६,००६ भरली. म्हणजे रहिवाशांनींही एकदां शहराविरुद्ध निकाल दिला. फक्त तो कायम केला नाहीं. गिरण्या व गोदी चालू होत्या, म्हणून ते परतले. राहण्यास वाईट असणें आणि पोटास आवश्यक असणें या दोन गोष्टी एका शहरांत एकत्र नांदूं शकतात. गोव्यांत दुसरी गेली तेव्हां पहिली उघडी पडली, एवढाच दोहोंतील फरक.

गोविंद नारायण यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्यें निघालें. त्यांचें आडनांव माडगांवकर. त्या नांवांतच गोमंतकांतील एक गांव बसलेलें आहे. उलट, जुन्या गोवें शहराचा इंग्रजींतील साधार इतिहास फोंसेका यांनीं लिहिला, तो १८७८ मध्यें मुंबईंत छापला गेला. ज्या शहरास दोन पावसाळ्यांचें आयुष्य सांगितलें होतें, त्यानें दुसऱ्याचें मृत्युपत्र छापावें, ही काळाची गति होय.

आतां संग्राहकांस एक विनंति. दप्तरें विकत घेतांना राजमुद्रेचा कागद प्रथम उचलला जातो आणि घरपट्टीच्या फाटक्या याद्या, विहिरीच्या हक्काचे तंटे, ‘पडीक घर’ असा शेरा असलेलीं पानें रद्दींत जातात. शहर सोडून जाण्याचें सामर्थ्य ज्यांस नव्हतें, ज्यांनीं झऱ्याचें पाणी विकत न घेतां विहिरीचें प्यालें, त्यांची साक्ष असलीच तर याच पानांत आहे. व्हाइसरॉय पणजीस गेला तो दिवस इतिहासांत लिहिला आहे; जुन्या शहरांतील शेवटचा पाणक्या केव्हां गेला, हें सांगणारें पान कोणाच्या तरी पोतडींत कुजत असेल. तें वांचविलें पाहिजे. तक्रारींचे कागद पाहूनही नाक मुरडूं नये. तक्रार करणारे आहेत तोंवर गांव जितें आहे. ओस गांवाविषयीं कोणी अर्ज करीत नाहीं.

शहरांस बरेंवाईट ठरविण्याची हौस अद्याप गेलेली नाहीं. केवळ विशेषणांच्या जागीं गुण आले आहेत. २०१८ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील १११ शहरांची राहण्याच्या सुखसोयीवरून क्रमवारी प्रसिद्ध केली. तींत पुणें पहिलें, नवी मुंबई दुसरी व बृहन्मुंबई तिसरी आली. गाढवाच्या नांगराची भूमि पहिली आणि दोन पावसाळ्यांचें बेट तिसरें, हें वाचून मुरार जगदेव व ओव्हिंग्टन या दोघांसही नवल वाटलें असतें. परंतु या यादीवरही आमचा भरंवसा मर्यादितच आहे. पुढील संशोधक ती हातीं घेईल तेव्हां त्यानेंही हेंच विचारावें कीं, गुण देणारा कोण होता, आणि त्या वर्षीं त्या शहरांत पाणी कोण विकत घेत होतें व कोण विहिरीचें पीत होतें.