पाढा, परवचा आणि आदान-प्रदान तक्ता : प्राथमिक अंकगणिताच्या अध्यापनाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

प्राथमिक वर्गांच्या गणितात दोन रकान्यांचा एक तक्ता आता सर्वपरिचित झाला आहे. डाव्या रकान्यात १, २, ३, ४ अशा संख्या असतात. उजव्या रकान्यात त्यांच्यासमोर ५, ८, ११, १४ असतात. दिलेल्या संख्येवर कोणती क्रिया केली असता समोरची संख्या मिळते, हे विद्यार्थ्याने शोधावयाचे असते. येथे ‘तिप्पट करून दोन मिळवा’ हा नियम आहे. डावीकडील संख्येस आदान व उजवीकडील संख्येस प्रदान म्हणतात. हा तक्ता विसाव्या शतकातील पाश्चात्त्य गणितशिक्षण-सुधारणेची देणगी मानला जातो आणि ते बहुतांशी खरे आहे. तथापि महाराष्ट्रातील मुले संख्या व तिचे फळ यांच्या जोड्या त्यापूर्वी कित्येक पिढ्या म्हणत आली होती. पाढा आणि हा तक्ता यांचे नाते नेमके काय, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

देशी शाळेतील पाढे

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढ्यांस आरंभ होई. सायंकाळी दिवेलागणीस परवचा म्हणण्याची रीत घरोघरी होती. पूर्णांकांचे पाढे सर्वांस ठाऊक आहेत. अपूर्णांकांच्या पाढ्यांकडे मात्र शिक्षणाच्या इतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी अशी ही मालिका होती. यांतील प्रत्येक शब्द एका क्रियेचे नाव आहे. पावकी म्हणजे संख्येचा चतुर्थांश, दिडकी म्हणजे संख्येची दीडपट, औटकी म्हणजे साडेतीनपट. नावांची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. सव्वा हा ‘सपाद’ या संस्कृत शब्दापासून आला, पाऊण ‘पादोन’पासून, अडीच ‘अर्धतृतीय’पासून आणि औट ‘अर्धचतुर्थ’पासून. अर्धचतुर्थ म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. अपूर्णांकाकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी भाषेतच रुजलेली होती, हे यावरून दिसते.

या पाढ्यांची गरज तत्कालीन नाण्यांतून व मापांतून निर्माण झाली होती. एका रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि मणाचे चाळीस शेर, ही परिमाणे चार, आठ, सोळा अशा विभागणीस अनुकूल होती. एक शेर जिन्नस सवा आण्यास मिळत असेल, तर तेरा शेरांचे किती, हा प्रश्न दुकानावर नित्य उद्भवे. सवायकीतील तेरावा चरण सव्वासोळा हा आहे. म्हणजे सव्वासोळा आणे, अर्थात एक रुपया एक पैसा. भाव साडेतीन आणे असता औटकीतून साडेपंचेचाळीस आणे मिळत, त्यांचे दोन रुपये साडेतेरा आणे होत. तेरा पावल्यांचे रुपये किती, यास पावकीचे उत्तर सव्वातीन. सव्वातीन रुपयांच्या पावल्या किती असे उलट विचारले, तर तोच पाढा उलट दिशेने वाचावा लागे. प्रदानावरून आदान काढण्याची ही क्रिया आजच्या पाठ्यपुस्तकांत स्वतंत्र प्रश्नप्रकार म्हणून येते.

या मालिकेतील आकृतिबंध विशेष उल्लेखनीय आहेत. पावकीत पाव, अर्धा, पाऊण, एक असा क्रम येतो आणि दर चौथ्या पायरीस पूर्णांक भेटतो. सवायकीत सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. येथेही अपूर्णांकांचा क्रम तोच. पाऊणकीत मात्र पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, म्हणजे तोच क्रम उलटा. औटकीत अर्धा एक आड एक येतो : साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. शिवाय हे पाढे परस्परांशी जोडलेले आहेत. कोणत्याही संख्येची पावकी व पाऊणकी यांची बेरीज ती संख्याच येते. संख्येत तिची पावकी मिळवली की सवायकी, निमकी मिळवली की दिडकी. सर्वच पंतोजी हे संबंध उकलून दाखवीत असत असे मानण्याचे कारण नाही. पण ज्या मुलास सातही पाढे मुखोद्गत होते, त्याच्या हाती हे संबंध पडताळण्याची सामग्री तयार होती, एवढे निश्चित म्हणता येते.

वसाहतकालीन मूल्यमापन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबई इलाख्याच्या देशी शाळांविषयी सरकारी चौकशीची जी कागदपत्रे उपलब्ध आहेत, ती रा. वि. परुळेकर यांनी संपादित करून १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये असा अभिप्राय नोंदविला होता की, येथील साधा शेतकरी वा किरकोळ व्यापारीही आपला हिशेब स्वतः ठेवू शकतो आणि त्याची अचूकता इंग्लंडमधील कनिष्ठ वर्गापेक्षा अधिक आहे. एल्फिन्स्टन यांच्या १८२३-२४ च्या शिक्षणविषयक टिपणात मात्र देशी शाळांतील अध्यापनपद्धती सुधारणे व शाळांची संख्या वाढविणे हा पहिला उपाय सांगितला आहे. हे दोन अभिप्राय परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः एकाने फळ पाहिले, दुसऱ्याने पद्धत. याच दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी हटन यांच्या ग्रंथांच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. त्रैराशिकासारखे विषय छापील पुस्तकातून शिकविण्याचा प्रघात पडू लागला आणि पाढे ‘घोकंपट्टी’ या सदरात जमा झाले.

ही टीका निराधार नव्हती. पण देशी शाळेचा खरा दोष घोकंपट्टीत शोधणाऱ्यांनी दुसऱ्या, अधिक गंभीर दोषाकडे दुर्लक्ष केले. त्या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या बंद होत्या. पावकी-औटकी येणे म्हणजे सावकाराचा हिशेब तपासता येणे. ज्यांना ती येत नव्हती, त्यांना समोरचा सांगेल तो आकडा मान्य करावा लागे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमासाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचीही मागणी केली होती. ती या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी.

तक्त्याचे आगमन

आदान-प्रदान तक्त्यामागील कल्पना फलनाची आहे. शालेय गणिताच्या केंद्रस्थानी फलनविचार असावा असा आग्रह जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी धरला आणि १९०५ च्या मेरान येथील अभ्यासक्रम-प्रस्तावांत तो उमटला. परंतु ती चर्चा माध्यमिक शाळेपुरती होती. लहान मुलांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती अमेरिकेत, १९५७ पासून रॉबर्ट डेव्हिस यांनी चालविलेल्या मॅडिसन प्रकल्पासारख्या उपक्रमांतून. तेथे अक्षरचलांऐवजी चौकोन व त्रिकोण ही चिन्हे वापरली जात. एका गटाने मनात नियम धरावयाचा, इतरांनी एकेक संख्या सांगावयाची, उत्तर ऐकून नियम ओळखावयाचा, असा खेळ असे. पुढे अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ च्या मानकांत आकृतिबंधांस प्राथमिक स्तरापासून स्थान दिले. भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एन.सी.ई.आर.टी.च्या प्राथमिक पुस्तकांत आकृतिबंधांवर स्वतंत्र पाठ आले.

पाढ्यात नियमाचे नाव आधी उच्चारले जाते व फळे मागाहून येतात. तक्त्यात फळे आधी मिळतात आणि नियम मागाहून शोधावा लागतो. हाच दोहोंतील मूलभूत भेद. तक्त्याचे सामर्थ्य व त्यातील धोका, दोन्ही येथूनच निर्माण होतात. १, २, ३ यांसमोर २, ४, ८ असता ४ समोर काय यावे? दरवेळी दुप्पट होते असे मानल्यास १६. पण संख्येच्या वर्गातून ती संख्या वजा करून दोन मिळविले, तरीही २, ४, ८ हीच फळे मिळतात आणि चौथे फळ १४ येते. ‘बरोबर उत्तर १६’ असे छापणारे पुस्तक १४ लिहिणाऱ्या मुलावर अन्याय करते. नियम तपासण्यास आणखी आदाने मागण्याची मुभा डेव्हिस यांच्या खेळात होती. छापील तक्त्यात ती उरली नाही.

दुसरी अडचण वाचनाच्या दिशेची आहे. ५, ८, ११, १४ हा रकाना पाहताच मूल वरून खाली वाचते व ‘तीन-तीन वाढतात’ असे सांगते. ते खरेच असते. परंतु त्यावरून शंभरासमोर ३०२ येतील हे सहज कळत नाही. त्यासाठी आडवे वाचावे लागते. पाढ्याचा चरण मूळचाच आडवा आहे. ‘बे सक बारा’ यात दोन, सहा व बारा एका दमात येतात. मुले मात्र तोही पुष्कळदा उभाच पाठ करतात आणि मधला चरण विचारला असता पहिल्यापासून म्हणू लागतात. प्राथमिक शिक्षकांस हा अनुभव नवा नाही.

दशमान पद्धतीनंतर

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली व पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली. आणा गेला, शेर गेला, आणि अपूर्णांकी पाढ्यांचे बाजारातील प्रयोजन संपले. छापील अंकलिप्यांत ते पुढेही दीर्घकाळ राहिले, पण शिकविण्याच्या क्रमातून गळत गेले. ज्या वर्षी अमेरिकेत मॅडिसन प्रकल्प सुरू झाला, त्याच वर्षी येथे पावकी-औटकी निरुपयोगी ठरावी, हा निव्वळ योगायोग आहे. मात्र त्यामुळे तक्ता येथे आला तेव्हा त्याची गाठ जुन्या पाढ्याशी घालून देणारे कोणी उरले नव्हते. आजच्या प्राथमिक तक्त्यांतील आदाने व प्रदाने बहुधा पूर्णांकच असतात. नाव न सांगता औटकीच्या जोड्या फळ्यावर लिहिल्या, १ समोर साडेतीन, २ समोर सात, ३ समोर साडेदहा, तर नियम, त्याची उलट क्रिया आणि अपूर्णांक या तिन्हींचा अभ्यास एकाच तासात होऊ शकतो. दीड आणि अडीच हे शब्द मुलांच्या रोजच्या बोलण्यात अजून आहेत. औट हा शब्द मात्र त्यांना शिक्षकानेच सांगावा लागेल.