स्थिरीकरण, छायाचित्रणातील

कॅमेरा हातात धरून फोटो काढताना हाताच्या थरथरीने चित्र पुसट होऊ नये, यासाठी लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीत केलेली यांत्रिक सोय. फोटोग्राफर मंडळी तिला नुसते ‘स्टॅबिलायझेशन’ म्हणतात. कॅननच्या लेन्सवर आयएस, निकॉनच्या लेन्सवर व्हीआर, सोनीच्या लेन्सवर ओएसएस, टॅमरॉनच्या लेन्सवर व्हीसी अशी अक्षरे असतात, सोय एकच. ही सोय फोटो काढणाऱ्याचा हात सावरते, समोर नाचणाऱ्याचा नाही. दुकानात न कळणारा हा फरक मुंबईत लालबागच्या गणपतीच्या मिरवणुकीत पहिल्या अर्ध्या तासात कळतो.

निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा थरथरतो. त्यात श्वास, नाडी आणि बटण दाबतानाचा झटका यांची भर पडते. 24 मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे 6 मायक्रॉन रुंद असतो. 400 मिमीची टेली लेन्स लावलेला कॅमेरा एका अंशाच्या बाराशेव्या भागाइतका वळला, तरी चित्र एका पिक्सेलने सरकते. 50 मिमीच्या लेन्सला तेवढ्याच सरकण्यासाठी आठपट वळावे लागते. ‘लेन्स जेवढ्या मिमीची, सेकंदाच्या निदान तेवढ्याव्या भागाचा शटर स्पीड’ हा फिल्मच्या काळातला आडाखा यातूनच आला. 400 मिमीला 1/400 सेकंद. फुलफ्रेमहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर 1/600.

उन्हात हे सहज जमते, पंचाईत रात्री होते. समजा, मंडपातल्या उजेडात 1/400 सेकंदाला आयएसओ 12,800 लागतो आहे. स्थिरीकरणाने चार स्टॉप (दर स्टॉपला शटरची वेळ दुप्पट) मिळाले, तर 1/25 सेकंदाला तोच फोटो आयएसओ 800 वर निघतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आणि मुकुटावरचे खडे दाणेदार न होता स्वच्छ उतरतात.

यंत्रणेत सूक्ष्म जायरो सेन्सर असतात. कॅमेरा कोणत्या दिशेला किती वेगाने वळतो आहे ते मोजतात, आणि विद्युतचुंबक भिंगांचा एक गट किंवा खुद्द सेन्सर उलट बाजूला सरकवतात. भिंगे सरकवली तर वर-खाली आणि डावे-उजवे वळणे सावरते. सेन्सर सरकवला तर कॅमेरा तिरका होणेही सावरता येते, जे लेन्सला शक्य नाही. मग सारे बॉडीवरच का सोपवत नाहीत? उत्तर साध्या भूमितीत आहे. कॅमेरा अर्धा अंश वळला, तर 50 मिमीच्या लेन्समागे चित्र अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकते. 400 मिमीच्या लेन्समागे साडेतीन मिलिमीटर. एवढे फिरायला सेन्सरला बॉडीत जागा नसते. म्हणून लांब टेलीत लेन्समधलेच स्थिरीकरण मुख्य आणि बॉडीचे मदतनीस. जाहिरातीतले आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे. कॅननच्या ईओएस आर5 साठी (2020) सांगितलेले 8 स्टॉप 24–105 मिमी लेन्सचे आहेत. 100–500 मिमीच्या लेन्सला स्वतःचे 5 आणि त्या बॉडीसह 6. म्हणजे बॉडीची भर एकाच स्टॉपची. शिवाय हे मोजमाप कॅमेरा कंपनयंत्रावर बसवून होते. मागून ढकलणारा जमाव त्या यंत्रात नसतो.

इतिहास फार जुना नाही. निकॉनच्या झूम 700 व्हीआर या छोट्या कॅमेऱ्यात ही सोय 1994 मध्ये आली. 1995 मध्ये कॅननची 75–300 मिमी ही तशी पहिली बदलती लेन्स आली. सेन्सर हलवण्याची वाट मिनोल्टाने 2003 मध्ये दाखवली, ऑलिंपसने 2012 मध्ये पाच अक्षांपर्यंत नेली, सोनीने 2014 मध्ये फुलफ्रेम मिररलेसमध्ये आणली. मिररलेसचा खरा लाभ डोळ्याला होतो. जुन्या एसएलआरमध्ये सेन्सर सावरला गेला तरी आरशातून दिसणारे चित्र हलतच राही. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरवरचेच चित्र दिसते, त्यामुळे ते थांबलेले दिसते आणि चौकट नीट बांधता येते. शिवाजी पार्कवर क्रिकेट टिपताना शटर 1/1000 च्या पुढेच असते. तिथे स्थिरीकरणाचा उपयोग एवढाच, पण तोही थोडा नाही.

मध्य मुंबईत या सोयीची खरी परीक्षा गणेशोत्सवात होते. परळच्या कार्यशाळांतून निघणारे आगमन सोहळे, चिंचपोकळीचा चिंतामणी, गणेश गल्ली, लालबागचा राजा: कुठेही तिपाई उघडायला जागा नसते. राजाची मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघते आणि गिरगाव चौपाटीला पोहोचेपर्यंत दुसरी सकाळ होते. श्रॉफ बिल्डिंगवरून पुष्पवृष्टी होताना मूर्ती क्षणभर थांबते. त्या क्षणी 1/50 सेकंदाला मूर्ती कोरीव येते, पण पाकळ्या रेषा होतात आणि वर केलेले हात धुरकट. कुणाला ते आवडते. प्रस्तुत लेखकालाही आवडते. पण ढोलाच्या टिपरूचा घाव किंवा गुलालाचा कण गोठवायचा असेल, तर 1/500 च्या खाली उतरून भागत नाही. तिथे मोठ्या छिद्राची लेन्स किंवा चढा आयएसओ हाच उपाय. आठ स्टॉपची बॉडी घेऊन आलेल्या नवशिक्याचे हललेले फोटो बहुधा याच गफलतीतून येतात. चाळीच्या गॅलरीत जागा मिळाली, तर कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. तिला बॅटरी लागत नाही.

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत फेटा बांधून मोटारसायकलवर निघालेल्या स्त्रियांचे फोटो काढताना कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवतात. शटर 1/30 ते 1/60. इथे साधे स्थिरीकरण आडवे येऊ शकते, कारण मुद्दाम फिरवणे आणि थरथर यांत त्याची गल्लत होते. त्यासाठी पुष्कळ लेन्सवर ‘मोड 2’ असतो. तो वर-खाली हलणे तेवढे सावरतो आणि आडवी हालचाल सोडून देतो. तिपाईवर कॅमेरा बसवल्यास जुन्या लेन्सचे स्थिरीकरण बंद करावे, नाहीतर नसलेली थरथर शोधत ते स्वतःच चित्र हलवते. नव्या लेन्सपैकी अनेकींना तिपाई ओळखता येते.

लालबाग–परळच्या पूर्वेला शिवडीची दलदल आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे रोहित पक्षी उतरतात आणि लांब टेलीवाले जेट्टीवर गर्दी करतात. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू इथूनच निघतो, त्यामुळे पक्ष्यांमागे आता तोही चौकटीत येतो. चिखलात चोच घालून चरणारा पक्षी 1/250 ला मिळतो. उडत्या थव्याला 1/1000 हून अधिक हवे. ऊन चढले की चिखलावरची तापलेली हवा लहरू लागते आणि 500 मिमीतून पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. या लहरींवर कोणत्याही लेन्समध्ये इलाज नाही. भरतीचे वेळापत्रक पाहून सकाळचीच वेळ गाठावी.